बीए सायकॉलॉजीला नेमकं काय शिकवतात?

प्रश्न पेडण्याच्या एका विद्यार्थिनीचा आहे. बारावी आर्ट्स झाली आहे आणि कॉलेजात सायकॉलॉजी मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून, घ्यायचं मनात आहे. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: तीन-चार वर्षं नक्की काय शिकवतात, दहावीनंतर सुटलेलं गणित पुन्हा गळ्यात पडतं का, आणि डिग्री हातात आली की समुपदेशक म्हणून काम करता येतं का. जाता जाता तिने वडिलांचं म्हणणंही कळवलंय. म्हापशाच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. ते म्हणतात, "गिराईक पायरी चढतानाच कळतं, घेणार की नुसता भाव विचारून जाणार. माणसं ओळखायला कॉलेज कशाला?"

मी गोव्यातच हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे, आणि तीनही प्रश्नांची उत्तरं बाबांच्या त्या एका वाक्याशी येऊन मिळतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बाबांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येत असेलही. पण तो तपासला कोणी? समजा, एक गिराईक 'हा घेणार नाही' असं वाटलं म्हणून बाबा गल्ल्यावरून उठले नाहीत, माल काढून दाखवला नाही, आणि ते गिराईक रिकाम्या हाताने गेलं. आता त्याला घ्यायचंच नव्हतं म्हणून ते गेलं, की बाबा उठले नाहीत म्हणून गेलं? दोन्ही वेळा बाबांना वाटणार, 'बघ, मी म्हटलं होतं.' ही शंका मनात येणं आणि तिचं उत्तर काढायची रीत हाताशी असणं, सायकॉलॉजीच्या पहिल्या डिग्रीचा बराचसा भाग एवढ्यातच जातो. माणसाच्या मनातलं ओळखायची विद्या आम्ही शिकवत नाही. लग्नात-बारशात कोणाला कळलं की मी हा विषय शिकवते, तर हमखास येणारं वाक्य म्हणजे 'मग माझ्या मनात काय चाललंय सांगा पाहू.' तुलाही त्याची सवय करून घ्यावी लागेल.

आता प्रत्यक्ष काय करतात ते बघ. सुरुवातीच्या प्रॅक्टिकलपैकी एक असतं आरशात बघून चित्र गिरवायचं. कागदावर सहा टोकांची चांदणी, तिला दोन रेघांची कडा. तुझ्या हातावर आडवी फळी, म्हणजे हात थेट दिसत नाही; समोरच्या आरशात दिसतो तेवढाच. त्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. किती सेकंद लागले ते नोंदवायचं, आणि पेन्सिल कितीदा कडेला लागली ते मोजायचं. पहिल्या खेपेला चांगली चांगली मुलं कोपऱ्यावर अडकून बसतात. पेन्सिल वर न्यायची असते आणि ती खाली जाते. 'मॅडम, हात आयकनाच!' असा ओरडा दर वर्षी ऐकू येतो.

इथवर ती गंमत आहे. प्रयोग पुढे सुरू होतो. आधी डाव्या हाताने एकदा गिरवायचं, मग उजव्या हाताने बऱ्याच खेपा सराव, आणि पुन्हा डावा हात. डाव्याला मध्ये काहीच सराव मिळालेला नाही, तरी त्याचा वेळ कमी होतो, चुका घटतात. एका हाताचं शिकणं दुसऱ्या हातात उतरलं, असं जर्नलात लिहून मुलं मोकळी होतात. तेव्हा मी विचारते: डाव्या हाताने पहिल्यांदा गिरवलं तेव्हा तोही थोडं शिकलाच ना? उजव्याचा सराव झालाच नसता, तेवढा वेळ नुसतं बसवून ठेवलं असतं, तर डावा किती सुधारला असता? ह्याचं उत्तर एकाच माणसाकडून मिळत नाही. त्यासाठी दुसरा गट लागतो, ज्याने मधला वेळ सरावाविना काढला. दोन गटांच्या सुधारणेत जो फरक पडेल, तोच उजव्या हाताच्या सरावाचा. नियंत्रित गट म्हणतात तो हा. पुस्तकात त्याची व्याख्या दोन ओळींची असते आणि मुलं ती पाठ करतात, पण कळतो तो चांदणी गिरवताना.

अशी प्रॅक्टिकलं बरीच असतात: अर्थहीन अक्षरगटांचं पाठांतर (हे एबिंगहाउसने स्वतःवरच करून पाहिलेल्या आणि १८८५ साली छापलेल्या कामातून आलं), शब्दाचा रंग एक आणि अर्थ दुसराच असला की वाचक कसा अडखळतो हे दाखवणारा स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग, प्रतिक्रियेला लागणारा वेळ, म्युलर-लायरच्या बाणांचा दृष्टिभ्रम. प्रत्येकाचं जर्नल लिहावं लागतं: समस्या, गृहीतक, काय बदललं, काय मोजलं, काय कायम ठेवलं, प्रयोज्याला काय वाटलं, निष्कर्ष, आणि शेवटी चर्चा. जो प्रयोगाला बसतो त्याला आपल्याकडे प्रयोज्य म्हणतात. पहिली ढीगभर जर्नलं लाल शाईने भरून परत जातात. गृहीतक खरं ठरलं नाही म्हणून आकडे 'जरा नीट' करून आणणारे महाभागही असतात. त्यांना मी सांगते, चुकलेल्या गृहीतकाचे मार्क कापत नाही, सुधारलेल्या आकड्यांचे कापते.

आता गणित. गणित असं नाही, संख्याशास्त्र आहे, आणि ते टळत नाही. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, दोन गटांची तुलना करणारी टी-टेस्ट, पुढे काय-स्क्वेअर आणि अनोव्हा. ह्यातलं काहीही दहावीच्या गणितापलीकडचं नाही. बेरीज, वर्ग, वर्गमूळ, आणि कॅल्क्युलेटर वापरायची परवानगी. अडचण आकडेमोडीची नसतेच मुळी. उत्तर आल्यावर त्याचा अर्थ काय लावायचा, तिथे घोडं अडतं. 'पी ०.०५ पेक्षा कमी आला' (म्हणजे खरा फरक नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने यायची शक्यता शंभरात पाचाहून कमी) एवढं लिहून पेन खाली ठेवणारी मुलं एमएपर्यंत पोचलेली मी पाहिली आहेत. तुला स्टॅट्सची धास्ती वाटत असेल तर पहिल्या सेमिस्टरला ट्यूशन लाव, पण त्या पेपरपासून पळायचं म्हणून सायकॉलॉजी सोडू नको. आणि उलट, 'आर्ट्सचा विषय आहे, गणित नसेल' एवढ्याच भरवशावर येत असशील तर मात्र थांब.

हे सगळं कशासाठी, ते तुझ्याच राज्यातल्या एका कामावरून दाखवते. संगत ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था गोव्यात १९९६ साली सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या गटाने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांची एक चाचणी केली. ती २०१७ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, सायकॉलॉजिस्टही नव्हते. मानसिक आरोग्याची कुठलीही डिग्री नसलेली इथलीच माणसं घेतली, त्यांना तयार केलं, आणि सहा ते आठ बैठकांचा ठरीव उपचार त्यांच्या हाती दिला. गाभा सोपा होता. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, कामं सुटली की मन आणखी खाली जातं. तर मन ताळ्यावर यायची वाट न बघता छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायची. तीन महिन्यांनी ह्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आल्याचं मोजमापात दिसलं.

इथे बाबा म्हणतील, बघ, डिग्री नसलेल्यांनीच बरं केलं! त्यांचं हे निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ऐकून घेणं, धीर देणं, माणसाला उभं करणं हे काही आमच्या वर्गात जन्माला आलेलं नाही. पण आता दुसऱ्या गटाकडे बघ. ज्यांना आरोग्य केंद्रातली नेहमीची, थोडी सुधारून दिलेली सेवा तेवढी मिळाली, त्यांच्यातलेही ३९ टक्के बाहेर आले होते. बैठकांचं श्रेय ६४ टक्क्यांचं नाही, मधल्या २५ टक्क्यांच्या फरकाचं. आरशातल्या डाव्या हाताचा प्रश्न तोच होता.

आणि हा एक अभ्यास धड वाचायला काय काय यावं लागतं बघ. कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं का ठरवलं, हे संशोधन पद्धतीच्या पेपरात येतं. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली वापरली. ती विश्वासार्ह आहे का, खरंच नैराश्यच मोजते का, हे मनोमापनात शिकतात. कुठल्या लक्षणांना नैराश्य म्हणायचं, ते अ‍ॅबनॉर्मलमध्ये, म्हणजे मनोविकारांच्या पेपरात. काम सुटलं की मन का पडतं, हे शिक्षण-प्रक्रियेच्या प्रकरणात, जिथे बक्षीस आणि वर्तन ह्यांचा संबंध शिकवतात. आणि ६४ व ३९ मधला फरक योगायोगाने आला नसेल हे कशावरून, ते स्टॅट्समध्ये. सुटे सुटे वाटणारे पेपर असे एका जागी येतात. असा उपचार घडवणं, तो चालतो का हे तपासणं आणि देणाऱ्यांना तयार करणं हे शिकलेल्यांचं काम. डिग्री त्या कामाची पहिली पायरी आहे.

बाकीचे पेपर थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी सामान्य मानसशास्त्र: संवेदना, स्मृती, भावना, प्रेरणा, बुद्धी, सगळ्याची तोंडओळख, आणि १८७९ साली लाइपझिगला वुंटने काढलेल्या प्रयोगशाळेपासूनचा इतिहास. मेंदू आणि चेतासंस्थेचा एक पेपर असतो. आर्ट्सची मुलं त्याला घाबरतात आणि मग बऱ्याचदा त्यातच जास्त मार्क काढतात. डेव्हलपमेंटलमध्ये जन्मापासून म्हातारपणापर्यंत. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, समुपदेशनाची ओळख, उद्योगातलं मानसशास्त्र, आरोग्य मानसशास्त्र हे पुढच्या वर्षांत, कॉलेजप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. शिकवणं आणि परीक्षा इंग्रजीत. हे मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलींना सुरुवातीला जड जातं, पण दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत बहुतेकींची गाडी रुळावर येते.

सोशल सायकॉलॉजी सगळ्यांना आवडते, कारण गोष्टी झकास असतात. मिलग्रामच्या १९६३ च्या अभ्यासात ४० पैकी २६ माणसं निव्वळ सांगितलं म्हणून दुसऱ्याला शेवटच्या खटक्यापर्यंत विजेचे झटके देत गेली. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. असला प्रयोग आज कुठली नीतिसमिती मंजूर करणार नाही, आणि तो का करू नये हाही अभ्यासाचाच भाग. झकास गोष्टींबद्दल एक सावधगिरी मात्र ठेव. २०१५ साली संशोधकांच्या मोठ्या गटाने छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा फक्त ३६ टक्क्यांमध्ये पुन्हा ठोस निकाल मिळाला. तुझ्या पाठ्यपुस्तकातलं एखादं प्रकरणसुद्धा डळमळीत पायावर असू शकतं. शिक्षक हे वर्गात बोलून दाखवत असतील तर ते कॉलेज चांगलं समज.

गोव्याच्या मुलीने अ‍ॅबे फारिया माहीत नसताना हा विषय शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग दाखवू लागला. तेव्हा मेस्मर ह्या डॉक्टरच्या मताचा पगडा होता: संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी चुंबकी प्रवाह निघतो आणि समोरचा झोपतो. फारिया म्हणाला, तसा प्रवाह-बिवाह काही नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या अपेक्षेने, त्याच्या तयारीने. १८१९ सालच्या त्याच्या पुस्तकात हे मांडलेलं आहे, आणि त्याच वर्षी तो वारला. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा तू पाहिला असशील: हात पसरून पुढे झेपावलेला फारिया आणि समोर कोसळणारी बाई. पुतळा देखणा आहे, पण सारी ताकद त्या पसरलेल्या हातांत आहे असं बघणाऱ्याला वाटतं, आणि फारिया तर आयुष्यभर नेमकं त्याच्या उलट सांगत होता! आज औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देऊन दुसरा गट का ठेवतात, आणि गोळी खरी की खोटी हे देणाऱ्यालाही का कळू देत नाहीत, ह्याची मुळं अशा विचारांत आहेत. माणसाची अपेक्षाच अर्धं काम करून जाते. ते वजा केल्याशिवाय गोळीचं काम दिसत नाही.

अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी. ह्याच पेपरसाठी बहुतेक जणी प्रवेश घेतात, म्हणून थोडं स्पष्ट सांगते. तिथे चिंताविकार, नैराश्य, स्किझोफ्रेनिया, व्यसनं, व्यक्तिमत्त्वविकार, त्यांची लक्षणं, कारणांबद्दलची मतं आणि उपचारांची ओळख असते. वर्गीकरण डीएसएम आणि आयसीडी ह्या दोन पद्धतींनी शिकवतात. डीएसएमची सध्याची सुधारित आवृत्ती २०२२ ची आहे. ओसीडीचं (एकच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराचं) प्रकरण झालं की आठवड्याभरात कोणीतरी केबिनमध्ये येऊन हळूच विचारतं, 'मॅडम, मी गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघते...' दोनदा बघणं म्हणजे विकार नव्हे. त्यापायी रोजचं आयुष्य किती अडतं, किती वेळ जातो, किती त्रास होतो, हे पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नसतं. वर्षभर आई, मावशी, बॉयफ्रेंड ह्यांना नावं देत सुटायची हुक्की येते, ती आवर. वहीतल्या लक्षणांच्या यादीवरून निदान होत नाही, आणि बीए झालेल्या मुलीला निदान करायचा अधिकारही नाही.

काही कॉलेजांतून बांबोळीच्या आयपीएचबी ह्या सरकारी मनोरुग्णालयाला किंवा एखाद्या संस्थेला भेट घडते. तिथे गेलीस तर एक ध्यानात ठेव: आजारी माणसाच्या घरच्यांनी आधी देवळात कौल लावलेला असतो, घाडी (देवऋषी) केलेला असतो, मग ते डॉक्टरकडे आलेले असतात. हसू नकोस. कधी, कोणाकडे गेलात आणि त्याने काय वाटलं, हे नीट विचारून लिहून घेतलेलं पुढे उपयोगी पडतं.

शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट हा मला सगळ्यात आवडणारा भाग. मुली विषय आणतात तो साधारण असा: 'वडील बोटीवर असलेल्या मुलांचे मार्क कमी असतात का?' गोव्यात घरोघरी कोणीतरी बोटीवर, तेव्हा विषय जिवंत आहे. मग आमचा कीस पाडणं चालू होतं. कमी म्हणजे कोणापेक्षा? वडील घरी असलेल्या मुलांपेक्षा? पण बोटीवरच्या घरात पैसा जास्त येत असेल, शाळा वेगळी असेल, आजी-आजोबा सोबत असतील. वडील वर्षातले किती महिने नसतात? मुलगा किती वर्षांचा असताना पहिल्यांदा गेले? मार्क शाळेतून घेणार की मुलालाच विचारणार? पालकांची लेखी संमती कोण घेणार? ह्या सगळ्यातून गेल्यावर मूळ प्रश्नाचा एक छोटासा तुकडा उरतो, तो मात्र खरोखर तपासता येतो. आणि शेवटीही 'वडील बोटीवर असल्यामुळे' असं लिहायचं धाडस होत नाही, 'सोबत आढळलं' एवढंच लिहितात. ज्या दिवशी मुलगी हा फरक स्वतःहून करते, त्या दिवशी तिला विषय कळला असं मी मानते.

रचना थोडक्यात: नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे गोव्यातल्या कॉलेजांत २०२३-२४ पासून मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, पद्धत आली. तीन वर्षं म्हणजे १२० क्रेडिट करून पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलंस, १६० क्रेडिट, तर ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. चार वर्षं केलीस तर पुढचं एमए एका वर्षाचं करायची सोय धोरणात आहे, पण ज्या विद्यापीठात जायचं तिथे ती सुरू आहे का ते आधी विचार.

आणि आता समुपदेशक. नुसत्या बीएवर नाही. पदवीत समुपदेशनाचा पेपर असतो, वर्गात एकमेकींवर सरावही होतो, पण देखरेखीखाली खऱ्या माणसांबरोबर काढावे लागणारे तास त्यात नसतात. किमान एमए धरून चाल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. वर्षानुवर्षं हा रस्ता एमएनंतर दोन वर्षांच्या एमफिलचा होता. सध्या नियम बदलत आहेत, तेव्हा कोणाच्या जुन्या सल्ल्यावर न जाता परिषदेच्या संकेतस्थळावर बघ. आणखी एक: यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत. घरबसल्या एमए करून घेऊ हा बेत असेल तर तो आता मनातून काढ. सहा महिन्यांच्या 'थेरपिस्ट सर्टिफिकेट'च्या जाहिराती मोबाइलवर येत राहतील, पैसे वाचव.

बीएवर थांबायचं ठरवलंस तरी रिकामी राहणार नाहीस. एचआर, स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्पांवर माहिती गोळा करायचं काम, विशेष मुलांच्या शाळांत साहाय्यक, बीएड करून शिक्षण क्षेत्र, असे रस्ते माझ्या विद्यार्थिनींनी धरले आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हेही घरी सांगून ठेव.

पेडण्याहून तुला म्हापशाचं झेवियर्स जवळ पडेल. मडगावचं चौगुले आणि नुव्याचं कार्मेल इथेही हा विषय आहे, पण रोजची ये-जा जमणार नाही, राहायची सोय बघावी लागेल. फॉर्म भरण्याआधी एकदा विभागात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीचं जर्नल मागून घे. दोन-तीन प्रॅक्टिकलं चर्चेसकट वाच. प्रयोगशाळा कुलूपबंद असते की वापरात आहे, प्रोजेक्टला एका शिक्षकाकडे किती मुली असतात, हेही विचार. जर्नल वाचताना कंटाळा आला तर मेजर दुसरं घेऊन सायकॉलॉजी मायनर ठेव. त्यात सोशल आणि डेव्हलपमेंटलसारखे पेपर मिळतील आणि प्रॅक्टिकलचा भार हलका राहील, पण पुढे एमएला यायचं मनात असेल तर मायनरवर प्रवेश देतात का ते त्या त्या विद्यापीठाला आत्ताच विचारून घे.